आठ देशांची चॉकलेटे आणि आमची पडवी

पडवीकर (रत्नागिरी)

पौषातली थंडी अजून रेंगाळत होती तेव्हा आमच्या घरी एक दुर्मीळ योग जुळून आला. माझा चुलतभाऊ तेलवाहू जहाजावर अधिकारी आहे. तो सहा महिन्यांनी रजेवर आला तो बंदरोबंदरी घेतलेल्या चॉकलेटांची पिशवी घेऊनच. त्याच आठवड्यात शेजारचे कुटुंब लग्नासाठी दुबईहून आले आणि भाचीने अमेरिकेहून कोणाच्या तरी सामानातून पाठवलेला डबाही पोचला. एरवी असल्या ऐवजाचे आमच्याकडे काय व्हायचे ते ठरलेले असते: फ्रीजच्या दारात रवानगी, आल्यागेल्या मुलांच्या हातावर एकेक तुकडा, आणि महिनाभराने ‘ते चॉकलेट कुठे गेले’ अशी चौकशी. या वेळी मी हट्ट धरला की सगळी चॉकलेटे एकत्र मांडायची, क्रमाने चाखायची आणि प्रत्येकाने आपले मत दुसऱ्याला न दाखवता वहीत लिहायचे. आम्ही सहा जण होतो. सर्वांत धाकटा चुलतभावाचा मुलगा, वय ११, आणि सर्वांत वडील माझी आत्या, वय ८१.

आधीची तयारी थोडी सविस्तर सांगतो, कारण आपल्या हवेत निम्मा निकाल तिथेच लागतो. चॉकलेटमधली चरबी, म्हणजे कोको बटर, ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. शरीराचे तापमान ३७ असल्यामुळे ते जिभेवर विरघळते, आणि आमच्या पडवीतला पारा चैत्र-वैशाखातल्या कित्येक दुपारी ३३-३४ ला टेकत असल्यामुळे ते बशीतही विरघळते. फ्रीजमधून काढून थेट खाणेही बरे नव्हे. थंडगार वडी उघडली की दमट हवेतले पाणी तिच्यावर जमते, वरची साखर त्यात विरघळते आणि पाणी सुकल्यावर खरखरीत पांढरट थर मागे राहतो. म्हणून सगळी वेष्टने न उघडता आदल्या रात्रीच फ्रीजबाहेर काढून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली होती. सायंकाळी सात वाजता पारा २४ वर होता. दोन नमुन्यांच्या मध्ये तोंड साफ करण्यासाठी बिनमिठाची कोमट पेज होती. ही कल्पना आत्याची, आणि ती पाण्यापेक्षा सरस ठरली, कारण चॉकलेटचा तुपकट थर नुसत्या पाण्याने जिभेवरून निघत नाही. तुकडा चावायचा नाही, असा एकच नियम होता. तो ११ वर्षांच्या परीक्षकाने पहिल्याच मिनिटाला मोडला.

आरंभ स्वित्झर्लंडच्या साध्या दुधाच्या चॉकलेटने केला, कारण दुधाचे चॉकलेट हे मुळात तिथलेच. व्हेवे गावच्या डॅनिएल पेटर यांनी १८७५ साली ते केले, आणि बर्नच्या रोडॉल्फ लिंट यांनी १८७९ साली चॉकलेट तासन्‌तास घोटत ठेवणारे यंत्र काढले. त्या घोटण्याचा अर्थ जिभेला ताबडतोब कळतो. पुरणयंत्रातून दोनदा काढलेल्या पुरणात जसा डाळीचा कण सापडत नाही, तसा इथे साखरेचा कण सापडत नाही. तरीही सहापैकी चौघांनी ‘उत्तम, पण लक्षात राहत नाही’ अशा अर्थाचे लिहिले.

त्यानंतर ब्रिटनमध्ये तयार झालेले डेअरी मिल्क घेतले. हे १९०५ पासूनचे, आणि नाव आपल्या ओळखीचे असले तरी ही वडी आपल्याकडच्या वडीपेक्षा मऊ आणि अधिक दुधाळ लागली. आत्याने वहीत एकच शब्द लिहिला होता: ‘खरवड’. तिला विचारले तेव्हा तिने सांगितले की बासुंदी आटवताना भांड्याच्या तळाला जी तांबूस साय धरते, तीच ही चव. मला हे फार नेमके वाटले, कारण ब्रिटिश पद्धतीत दूध, साखर आणि कोको एकत्र आटवून सुकवतात आणि त्या कोरड्या चुऱ्यापासून पुढे चॉकलेट करतात. स्विस पद्धतीत दुधाची पावडर नंतर मिसळली जाते. आत्याला हा कारखान्यातला फरक ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते.

अमेरिकेच्या हर्शीने मात्र घरात फूट पाडली. भाची तेच खाऊन मोठी झाली आहे, त्यामुळे तिच्याविषयी आदर राखून लिहितो. पहिल्या क्षणी गोड, मग एकदम आंबूस, आणि शेवटी घशाशी असा एक वास, जो चार-पाच दिवस साठवलेले लोणी कढवायला घेतल्यावर स्वयंपाकघरात पसरतो. तुलना ओढूनताणून केलेली नाही. हा आंबूसपणा ब्युटिरिक आम्लाचा मानला जातो, आणि त्या आम्लाचे नावच लोण्याच्या लॅटिन नावावरून पडले आहे. तिघांनी तुकडा अर्धा टाकला. चुलतभावाच्या बायकोने मात्र त्याला दुसरा क्रमांक दिला. तिचे म्हणणे असे की नुसत्या गोडापेक्षा हे बरे, तोंडाला काहीतरी काम मिळते.

सर्वांत मोठा अचंबा इटलीने घडवला. चुलतभावाचे जहाज सिसिलीतल्या ऑगस्टा बंदरात लागले होते, तिथून त्याने मोडिका गावची वडी आणली होती. हे चॉकलेट घोटत नाहीत, आणि साखर घातल्यावर ती विरघळेल इतके तापवतही नाहीत. त्यामुळे तिचे दाणे जसेच्या तसे राहतात. वडी मोडली की आतला भाग मऊ दगडासारखा दिसतो, आणि तोंडात ती खोबऱ्याच्या वडीसारखी कुरकुरते. ही रीत स्पॅनिश अमलात मेक्सिकोकडून तिकडे गेली असे सांगतात, आणि २०१८ पासून त्या नावाला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे, जसे आपल्या हापूसला इथे मानांकन आहे. दालचिनीचा वास येत होता. गुळगुळीतपणा म्हणजेच उंची माल, हा आपला समज किती नवा आहे ते या एका वडीने दाखवले.

व्हिएतनामच्या मारू या कारखान्याची, बेन त्रे भागातल्या कोकोची ७८ टक्क्यांची काळी वडी पुढे आली. कडू निश्चित, पण कडूपणाच्या मागे चिंचेच्या कोळासारखा आंबटपणा होता. मुलाने ती थुंकली; मी तिला पहिला क्रमांक दिला. जपानची हिरव्या चहाची किटकॅट सगळ्यांनी आनंदाने खाल्ली आणि तिच्याविषयी कोणीही दोन ओळींहून अधिक लिहिले नाही. दुबईचे पिस्त्याचे चॉकलेट इतके भरगच्च होते की त्याला चॉकलेटांच्या रांगेत बसवावे की मिठायांच्या, हे ठरले नाही.

बेल्जियमविषयी लिहिताना वाईट वाटते. ब्रुसेल्सच्या नॉयहाउस यांनी १९१२ साली कवचात सारण भरलेल्या प्रालीनची कल्पना काढली, त्या परंपरेतला हा डबा. तो मात्र जहाजावरून आलेला नव्हता; मुंबईतल्या एका दुकानातून मी स्वतः चांगली किंमत मोजून घेतला होता. उघडला तर प्रत्येक नगावर राखाडी बुरशीसारखी झाक, आणि चव मेणासारखी. मुदत संपायला सात महिने होते. दुकानदाराने ‘खायला काही हरकत नाही’ एवढेच उत्तर दिले.

माझे म्हणणे असे आहे की चॉकलेटची पारख करताना वेष्टनावरचा देश शेवटी वाचावा, आणि त्यातले दूध कसे हाताळले आहे व चरबी कोणती आहे ते आधी वाचावे. सभासदांचे अनुभव काय आहेत?

दर्यावर्दी (मालवण)

धागा मनापासून आवडला. जहाजावर २२ वर्षे काढल्यामुळे देशाच्या नावाविषयी थोडे सांगू शकतो. टोब्लेरोन हे स्विस चॉकलेट बर्नमध्ये १९०८ साली सुरू झाले आणि त्याच्या डब्यावर मॅटरहॉर्न शिखर असे. उत्पादनाचा काही भाग स्लोव्हाकियात नेल्यावर स्विस नियमांमुळे ते चित्र वापरता येईना, म्हणून २०२३ पासून डब्यावर कोणतेही विशिष्ट नसलेले एक शिखर आले. डोंगरात दडलेले अस्वल अजून आहे, ते बर्नचे चिन्ह. किटकॅटची कथा याहून गुंतागुंतीची आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात १९३५ साली ती वेगळ्या नावाने निघाली, अमेरिकेत ती हर्शीकडून तयार होते, आणि जपानमध्ये तिचे नाव ‘किट्टो कात्सू’, म्हणजे ‘नक्की जिंकशील’, या शब्दांच्या जवळ जात असल्यामुळे परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ती भेट देतात. तेव्हा ‘जपानचे चॉकलेट’ म्हणताना आपण नक्की काय म्हणतो, हा प्रश्नच आहे.

एक व्यावहारिक सूचना. जहाजावरच्या दुकानातून, ज्याला आम्ही स्लॉप चेस्ट म्हणतो, घेतलेले चॉकलेट सहसा चांगल्या अवस्थेत असते, कारण ते थंड कोठारात राहते. माल बिघडतो तो घरच्या वाटेवर. मी एकदा विमानतळावरून मालवणपर्यंत गाडीच्या डिकीतून तीन किलो चॉकलेट आणले होते. पोचले ते एकच चॉकलेट होते, तीन किलोचे.

अन्नरसायन (दापोली)

पडवीकर, आपल्या बेल्जियन डब्यावरची झाक बुरशी नव्हती आणि ओलाव्याने आलेली साखरही नव्हती. बोट हलके फिरवल्यावर ती विरघळल्यासारखी नाहीशी झाली असेल, तर ती चरबी होती. कोको बटर सहा निरनिराळ्या रूपांत गोठू शकते. त्यातले पाचवे रूप आपल्याला हवे असते: चकाकी, कट्‌कन मोडणे आणि जिभेवर झटकन विरघळणे हे सगळे त्याचे गुण. कारखान्यात चॉकलेट ठराविक तापमानांना गरम-थंड करून ते रूप साधतात. तो डबा कुठल्या तरी गोदामात किंवा टेम्पोत एकदा मऊ होऊन आपोआप गोठला की ती शिस्त मोडते आणि चरबी पृष्ठभागावर येऊन स्फटिक धरते. अपाय नाही, हे दुकानदाराचे म्हणणे खरे. पण त्याने विकले ते प्रालीन राहिलेले नव्हते, हेही तितकेच खरे. सारणातल्या मेव्याचे तेल बाहेर झिरपत असल्यामुळे भरलेल्या चॉकलेटांना हा त्रास अधिक होतो.

आता चरबीविषयी, कारण हा धागा कोकणातून निघाला आहे आणि पुढची गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज दुसरी वनस्पतिजन्य चरबी चालेल की नाही, यावर युरोपात जवळजवळ तीस वर्षे वाद चालला. ब्रिटन आणि आयर्लंड एका बाजूला, फ्रान्स आणि बेल्जियम दुसऱ्या. अखेर युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशाने ५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली, आणि तीही फक्त सहा चरबींना. त्या यादीत पाम तेल आहे, आफ्रिकेतले शिया आहे, बोर्निओकडचे इलिपे आहे, आपल्या मध्य भारतातला साल आहे, आणि उरलेली दोन नावे आंब्याच्या कोयीतल्या गराची चरबी आणि कोकम ही आहेत. होय, तेच कोकम. निर्देशात ते ‘कोकम गुर्गी’ या नावाने आले आहे. आपल्याकडे रत्नागिरीत जिला मुठेल आणि खाली मालवणीत भिरंडेल म्हणतात, ती ही चरबी. हिची रचना कोको बटरच्या जातीचीच असते, पण ती साधारण ३८ ते ४२ अंशांना वितळते; त्यामुळे थोड्या प्रमाणात मिसळली तर चॉकलेट उन्हात अधिक वेळ उभे राहते.

उलट उदाहरणही सांगतो. लिंडोर या स्विस चॉकलेटच्या गोळ्यांतले सारण तोंडात एकदम थंड आणि पातळ का होते, ते घटकांच्या यादीत वाचावे; त्यात खोबरेल आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळते. स्वित्झर्लंडच्या दुकानात ते सारण घट्ट असते, आपल्याकडे ते डब्यातच पातळ झालेले असते. थंडीत बाटलीतले खोबरेल गोठलेले पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. जाता जाता: अनेक वेष्टनांवर ४७६ हा आकडा असतो, तो चॉकलेट साच्यात नीट वाहावे म्हणून घातलेल्या पदार्थाचा. तो एरंडेलापासून मिळणाऱ्या आम्लापासून करतात. मात्रा अत्यल्प असते, एरंडेलाचे कोणतेही गुण त्यात उतरत नाहीत, तेव्हा आत्यांना सांगायचे की नाही ते आपण ठरवावे.

खाडीपलीकडची (दाभोळ)

आमच्या घरातली तीन माणसे आखातात आहेत, त्यामुळे आमच्याकडे चॉकलेट हे पाहुण्यापुढे ठेवायच्या फराळाइतके नेहमीचे झाले आहे. दुबईच्या पिस्त्याच्या चॉकलेटविषयी आपण घाईने लिहिलेत, असे मला वाटते. २०२१ साली तिथल्या फिक्स या लहान उद्योगाने ते काढले आणि २०२३ च्या अखेरीस एका चित्रफितीमुळे ते जगभर गेले. आत जे कुरकुरते ते कुनाफा या अरबी मिठाईसाठी वापरतात त्या केसासारख्या बारीक शेवया. त्या लोण्यात तांबूस होईपर्यंत परतून पिस्ता आणि तिळाच्या वाटणात कालवतात. मी शीरखुर्म्याच्या उरलेल्या शेवया साजूक तुपात परतून हेच करून पाहिले. परीक्षा एकच आहे: शेवई चौथ्या दिवशीही वाजली पाहिजे. परतताना मधली शेवई कच्ची राहिली की ती ओलावा ओढते आणि सगळे सारण ओल्या भुशासारखे होते. बाजारात त्या नावाने जे नाना प्रकार आले आहेत, त्यांतल्या बहुतेकांचे नेमके इथेच बिघडले आहे. तेव्हा त्याला मिठाईच्या रांगेत बसवलेत तरी चालेल, फक्त चांगल्या जागी बसवावे.

दुसरे, घटक वाचण्याविषयी. आमच्याकडे ते वाचण्याची सवय चवीसाठी लागलेली नाही. बाटलीच्या आकाराच्या चॉकलेटांत आणि काही युरोपीय प्रालीनांत मद्य असते, आणि भेट देणाऱ्याला ते माहीत नसते. आखातातून आलेल्या मालाबाबत ती चिंता कमी, म्हणून आमच्या आईचा विश्वास अजून गॅलक्सीवर आणि क्वालिटी स्ट्रीटच्या डब्यावर आहे. हे दुसरे १९३६ पासूनचे इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सचे. आतल्या गोळ्या बऱ्याच वेळा मुलेच संपवतात, आणि जांभळा डबा घरात तीस-तीस वर्षे राहतो. आमच्याकडच्या एका डब्यात सुया-दोरे आहेत, दुसऱ्यात आमसुले, आणि आमसुलांच्या डब्याचे झाकण आतून पार काळे पडले आहे.

नारळीपोफळी (वेंगुर्ले)

चर्चा वाचनीय आहे, परंतु एक विरोधी सूर लावतो. एका ८० ग्रॅमच्या वडीला आपण जेवढे मोजतो, त्यात आमच्याकडे दोन डझन नारळ येतात. २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, तेव्हापासून वड्या आणखी पातळ आणि महाग झाल्या. या सगळ्यात जिभेची पारख किती आणि ‘परदेशी’ या शब्दाची किती, हे एकदा वेष्टने काढून चाखल्याशिवाय कळणार नाही.

तरी बेन त्रेचा उल्लेख वाचून थांबलो. तो व्हिएतनामचा नारळाचा मुलूख आहे, आणि तिथे कोको नारळाच्या सावलीत, आंतरपीक म्हणून घेतात. माझ्या वाडीत माडांखाली कोकोची दोन झाडे आहेत. फळे फणसासारखी थेट खोडाला लागतात, आणि पिकायला आली की निम्मी वानरांची होतात. दोन वर्षांपूर्वी मी उरलेल्या फळांतल्या बिया पांढऱ्या आंबटगोड गरासह केळीच्या पानांत गुंडाळून घमेल्यात आंबत ठेवल्या. पुस्तकात पाच-सहा दिवस सांगितले होते. दुसऱ्या दिवशी ताडीचा वास आला, चौथ्या दिवशी शिरक्याचा, आणि सहाव्या दिवशी पान उलगडले तर आत हिरवी बुरशी. तरीही त्यातल्या बऱ्या बिया निवडून, वाळवून, काजूगराप्रमाणे मंद आचेवर भाजून पाट्यावर वाटल्या. रंग चॉकलेटचा होता, चव भाजलेल्या लाकडाची.

अन्नरसायन

नारळीपोफळी, आपला हिशेब एका जागी चुकला, तो घमेल्याचा. आंबवण्याच्या ढिगाने आतून ४५ ते ५० अंशांपर्यंत तापावे लागते. त्या उष्णतेने आणि शिरक्याच्या आम्लाने बी मरते आणि चॉकलेटच्या चवीचा पाया तिच्यात तयार होतो. घमेलेभर बियांत तेवढी ऊब धरत नाही आणि मग बुरशी डाव साधते. पुढच्या खेपेस शेजारच्या दोन-तीन वाड्यांची फळे एकत्र करून, गोणपाटात दडपून, एक दिवसाआड ढीग उलथत ठेवावा. पावसाळ्यातली फळे सोडून द्यावीत. वाळवायला ऊन मिळत नाही.

पडवीकर

सर्वांचे आभार. खाडीपलीकडची यांची तक्रार मान्य आहे. शेजाऱ्यांकडून दुसरे चॉकलेट मिळवून शेवई तपासली, ती वाजली. वेष्टने काढून चाखण्याची नारळीपोफळी यांची सूचनाही गेल्या रविवारी अमलात आणली. मोडिका आणि हर्शी डोळे मिटूनही सहाही जणांनी ओळखली. स्विस आणि ब्रिटिश यांत मी चुकलो, आत्या चुकली नाही. आकडा ४७६ चा अर्थ तिला अजून सांगितलेला नाही.

मुठेलाची गोष्ट मात्र तिला वाचून दाखवली. ती उठून माजघरातल्या कोनाड्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला गोळा घेऊन आली. टाचांच्या भेगांसाठी तो तिथे कित्येक वर्षे आहे. त्यावर कोणा बाईच्या चार बोटांचे ठसे अजून स्पष्ट दिसतात, कारण तापवून काढलेली चरबी निवताना मुठीतच वळतात. काल दुपारी आम्ही त्याचा एक तुकडा, स्विस वडीचा एक चौकोन आणि केकवाल्यांकडे मिळणाऱ्या स्वस्त कंपाउंडचा (कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी घातलेल्या चॉकलेटचा) एक तुकडा अशा तीन गोष्टी ताटलीत घालून पडवीच्या कठड्यावर ठेवल्या. पारा ३४ वर होता. वीस मिनिटांत स्विस चौकोनाच्या कडा गेल्या आणि अर्ध्या तासात त्याचे डबके झाले. कंपाउंडचे कोपरे तेवढे गोलसर झाले. मुठेल जसेच्या तसे होते, बोटांच्या ठशांसह.

मुंग्या मात्र बाकीच्या दोघांकडे ढुंकूनही न पाहता स्विस डबक्याभोवती जमल्या.